उंबरातला प्रश्न

कृष्णाकाठच्या आमच्या गावी घाटाच्या वरच्या अंगाला एक जुना उंबर होता. झाडाला दगडी पार होता आणि पारावर दत्ताच्या पादुका होत्या. गुरुवारी सकाळी माणसे तेथे प्रदक्षिणा घालीत. उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही मुले त्याच्या सावलीत खेळत असू. उंबराची फळे शेंड्याला लागत नाहीत. ती खोडाला आणि जाड फांद्यांना घोसांनी लगडतात, त्यामुळे लहान मुलाचा हातही त्यांना पोचतो. आजी त्यातले एखादे लालसर फळ घेई, दोन बोटांनी फोडी, उजेडाकडे धरी आणि हलकेच फुंकर मारी. आतून बारीक किडे बाहेर पडत. काही उडत, काही नुसते सरपटत. मग फळाचे अर्धे शकल माझ्या तळहातावर ठेवून ती म्हणे, "बघून खा."

शेजारच्या जैन काकू मात्र उंबराला हात लावीत नसत. वड, पिंपळ, उंबर आदी पाच झाडांची फळे श्रावकाने वर्ज्य मानावीत, कारण त्यांत जीव असतात, असा त्यांच्या परंपरेचा नियम आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात तो सांगितला आहे. ग्रंथाचे नाव मला फार उशिरा कळले. नियम मात्र काकूंच्या वागण्यातून लहानपणीच कळला होता. एकदा आजी त्यांना म्हणाली, "अगं, किडे उडून गेले की. आता त्यात काय राहिलंय?" काकू म्हणाल्या, "उडाले ते दिसले, काकी. राहिले ते कुठं दिसतात?" त्यांच्या बोलण्यात रोष नव्हता, उपदेशही नव्हता. आजीही पुढे काही बोलली नाही. मी अर्धे उंबर हातात धरून तसाच उभा राहिलो. ते मी खाल्ले की टाकले, हे आता आठवत नाही. दोघींपैकी कोणाचे बरोबर होते, हा प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

पुढे वाचन वाढले तेव्हा ध्यानात आले की, तो प्रश्न आम्हांला वाटला होता त्याहून पुष्कळ खोल होता. आजी, काकू आणि मी, तिघेही एक गोष्ट गृहीत धरून चाललो होतो. फळ झाडाचे आहे आणि किडे त्यात बाहेरून शिरले आहेत, असे आम्ही समजत होतो. हे गृहीतच अपुरे होते. किडे नसते तर त्या फळात बीज धरले नसते, आणि उंबर नसता तर त्या किड्यांना जगात दुसरे घर नव्हते.

क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण मराठीत उंबराचे फूल म्हणतो. बौद्ध वाङ्मयातही उदुंबराचे फूल हे दुर्मिळतेचे प्रतीक आहे. वस्तुतः उंबराला फुले येतात, आणि एका वेळी शेकड्यांनी येतात. ती आपल्याला दिसत नाहीत एवढेच. ज्याला आपण फळ म्हणतो तो एक बंद पुष्पाशय असतो आणि फुले त्याच्या आतल्या भिंतीला लागलेली असतात. वारा तेथे पोचत नाही, मधमाशी पोचत नाही. बाहेरच्या जगाशी त्या फुलांचा संबंध टोकाशी असलेल्या एका अतिशय अरुंद छिद्रापुरताच असतो, आणि तेही खवल्यांनी झाकलेले. या दारातून आत जाणारा एकच पाहुणा आहे. तो गांधीलमाशीच्या गणातला, पण चिलटाएवढा लहान कीटक होय.

फुले परागाला योग्य झाली की उंबराला एक विशिष्ट गंध सुटतो. त्या गंधाच्या मागाने या कीटकाची मादी येते आणि छिद्रातून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. बाहेर पडण्याचा विचार तेथेच संपतो. दुसऱ्या उंबरातून छातीवरच्या कप्प्यांत भरून आणलेला पराग ती फुलांवर पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. ज्या फुलांत अंडे पडले त्यांत पुढची पिढी वाढते, उरलेल्या फुलांत उंबराचे बी धरते. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी समागम करतात, पुष्पाशयाच्या भिंतीतून बाहेर जाणारा बोगदा पोखरतात आणि त्यांचे आयुष्य संपते. तोवर आतली नरफुले पक्व झालेली असतात. माद्या त्यांतला पराग भरून घेतात, त्या बोगद्यातून बाहेर पडतात आणि दुसरे झाड शोधू लागतात. या शोधासाठी त्यांच्या हाती जेमतेम एक-दोन दिवस असतात. त्या गेल्या की फळ गोड होते, रंगाला येते. मग वटवाघळे, पक्षी आणि वानरे ते खातात आणि बी दूरवर टाकतात.

उंबर, वड, पिंपळ, अंजीर यांच्या कुळात जगभर साडेसातशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा आपापला असा एखादा किंवा मोजकेच कीटक सोबती आहेत. ही सोबत सात-आठ कोटी वर्षांची असावी असे अभ्यासक मानतात. एवढ्या काळात झाडाने कीटकाचे शरीर घडवले आणि कीटकाने झाडाचे. मादीच्या डोक्याचा चपटा आकार हा त्या छिद्राच्या मापाने घडला आहे. पुष्पाशयाचे बंद दार हे त्या डोक्यावर विसंबून राहिले आहे. कीटकाच्या छातीवरचे कप्पे हे एका झाडाची गरज दुसऱ्या प्राण्याच्या देहात कोरली गेल्याची खूण होय. शास्त्रज्ञ याला सहउत्क्रांती म्हणतात. फूल आणि मधमाशी ही एकमेकांना अनुरूप होत हळूहळू बदलत गेली असतील, हा विचार चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात मांडला होता. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ साली फुलपाखरे आणि त्यांच्या अळ्यांची खाद्यवनस्पती यांवर लिहिलेल्या निबंधानंतर हा शब्द जीवशास्त्रात रूढ झाला.

हे सारे प्रथम वाचले तेव्हा मला एक प्रकारचा आनंद झाला होता. निसर्गाच्या मुळाशी सख्य आहे, देवघेव आहे, याचा जणू पुरावाच हाती लागला असे वाटले. पंख टाकून आत शिरणारी ती मादी मला समर्पणाची मूर्ती भासली आणि तिच्या संततीसाठी आपली काही फुले देणारा उंबर दानशूर भासला. पण हा आनंद फार काळ टिकला नाही, कारण वाचन पुढे चालू राहिले.

उंबरात चोरही येतात. काही जातींचे कीटक छिद्रातून आत जातच नाहीत. ते बाहेरून फळाच्या भिंतीत लांब, केसासारखी नळी खुपसतात आणि आत अंडी घालतात. त्यांतले काही फुलांवर वाढतात, तर काही त्या पराग आणणाऱ्या कीटकाच्याच पिल्लांवर. आजीच्या फुंकरीने उडालेल्या किड्यांत तेही असणारच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच उंबराचा आणि त्याच्या कीटकांचा दीर्घ काळ अभ्यास केला आहे. याच संस्थेतून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा एका परोपजीवी कीटकाच्या नळीचे टोक जस्ताने कठीण झालेले आढळले. झाडाची भिंत भेदायची तर केसाएवढ्या सुईला धातूची धार हवी. तीही काळाने घडवली. ज्या प्रक्रियेने सोबत्याच्या छातीवर परागाचे कप्पे कोरले त्याच प्रक्रियेने चोराच्या हाती हत्यार दिले. तिने एकाला आशीर्वाद आणि दुसऱ्याला शाप दिला नाही.

सोबत्यांच्या नात्यातही निव्वळ विश्वास नाही. पराग न आणता अंडी घालणारी मादी आत आली तर काय होते, याचे प्रयोग पनामातील अशाच झाडांवर झाले आणि २०१० साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या जातींत कीटक मुद्दाम पराग गोळा करून आणतात, तेथे बिनपरागाची फळे झाडाने गाळून टाकली, किंवा त्यांत वाढणारी पिल्ले कमी जगली. कसूर झाली तर शिक्षा आहे. मात्र शिक्षा देणारा कोणी नाही. न्यायाधीश नाही, कायदा नाही, अपराध्याला अपराधाची जाणीवही नाही. बी न धरणाऱ्या फळावर अन्न खर्च करणारी झाडे मागे पडली आणि न करणारी टिकली, एवढेच काय ते घडले. माझे समर्पण आणि माझे दानशूरत्व त्या फळातले नव्हते. ते मी बाहेरून नेऊन तेथे ठेवले होते.

येथे नीतीचा खरा प्रश्न सुरू होतो. निसर्गाकडून माणसाने काही शिकावे काय, आणि शिकायचे तर कोणता धडा? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डार्विनच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन अनेकांनी बलिष्ठाच्या हक्काचे समर्थन केले. त्याला उत्तर म्हणून प्योत्र क्रोपोटकिनने परस्पर साहाय्यावरचे आपले पुस्तक १९०२ साली प्रसिद्ध केले. सैबेरियात त्याने झुंडीने जगणारे प्राणी पाहिले होते आणि सहकार्य हाही उत्क्रांतीचा एक घटक आहे असे त्याचे म्हणणे होते. माझा कल अर्थातच क्रोपोटकिनकडे आहे. तरी मला असे वाटते की दोन्ही पक्ष एकाच साक्षीदाराला न्यायालयात उभे करीत होते, आणि तो साक्षीदार ज्याच्या त्याच्या मनासारखे बोलत होता. उंबरातून सोबती दाखवता येतो, चोरही दाखवता येतो. ज्याला जे हवे ते फळ फोडल्यावर सापडते.

अशा साक्षीचा दुरुपयोग किती जुना आहे हे आपल्या वाङ्मयातच दिसते. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात दुष्यंताच्या दरबारी शकुंतला उभी आहे. ती आश्रमात वाढली, कपट तिला ठाऊक नाही, असे गौतमी सांगते. तेव्हा विस्मरणात बुडालेला राजा कोकिळेचा दाखला देतो. पिल्ले उडू लागेपर्यंत कोकिळा ती दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, मग स्त्रियांच्या चातुर्याबद्दल काय बोलावे, असा त्याचा आशय आहे. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने राजाचे विधान खरेच आहे. कोकिळा आपल्याकडे बहुधा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. तिचे अंडे रंगाने कावळ्याच्या अंड्याशी बरेच जुळते, आकाराने मात्र लहान असते. पण या खऱ्या विधानातून राजाने काढलेला निष्कर्ष खोटा आहे आणि निर्दय आहे. समोरची स्त्री खरे बोलत आहे. शिवाय जन्मतः टाकून दिलेल्या त्या मुलीला शकुंत पक्ष्यांनीच सांभाळले होते. तिचे नाव त्यावरूनच पडले. परक्यांनी वाढवलेल्या त्या मुलीला परक्याकडून वाढवून घेणाऱ्या पक्ष्याचा दाखला देऊन नाकारले जाते.

संस्कृतात कोकिळाला 'परभृत' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. कावळ्याला 'परभृत्' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याला पोसणारा. दोन्ही नावे 'अमरकोशा'त जवळजवळ आहेत आणि त्यांत फरक आहे तो शेवटच्या अक्षराच्या पाय मोडण्याएवढा. पोसणारा आणि पोसला जाणारा यांना भाषेने एवढे जवळ ठेवले आहे. त्यांच्यापैकी कोणालाही दोषी किंवा पुण्यवान ठरवायला पाणिनीचे व्याकरण जसे आपणहून येत नाही, तसा निसर्गही येत नाही.

मग निसर्ग आपल्याला दया तरी शिकवतो काय? ऑस्ट्रेलियातील सशांची हकीकत या संदर्भात वारंवार सांगितली जाते. १८५९ साली शिकारीच्या हौसेसाठी युरोपातून आणून सोडलेले काही ससे तेथे कोट्यवधींच्या संख्येने वाढले आणि त्यांनी कुरणे फस्त केली. १९५० साली दक्षिण अमेरिकेतून आलेला एक विषाणू त्यांच्यावर सोडण्यात आला. आरंभी लागण झालेल्या शंभरांपैकी नव्याण्णवांहून अधिक ससे मरत. पण थोड्याच वर्षांत रानात सापडणारा विषाणू सौम्य झाल्याचे फ्रँक फेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले; ससेही अधिक चिवट झाले. मारणारा आणि मरणारा यांच्यात काळाने समेट घडवून आणला, असा या कथेचा बोध काढण्यात येत असे. मलाही तो पूर्वी फार आवडे.

परंतु या समेटात दयेचा अंश नव्हता. तो विषाणू डासांच्या चाव्यातून पसरतो. ससा लवकर मेला तर डासांना त्याला चावायला वेळच मिळत नाही. म्हणून काही आठवडे आजारी राहणाऱ्या सशांतला विषाणू अधिक पसरला. आणि तो समेटही कायमचा नव्हता. १९९० च्या दशकात गोळा केलेल्या काही विषाणूंची पुढे तपासणी झाली तेव्हा ते प्रयोगशाळेतील सशांची प्रतिकारव्यवस्थाच दडपून टाकतात असे दिसून आले. ससा चिवट झाला म्हणून विषाणू पुन्हा घातक झाला. कोणीही थांबले नव्हते. शांतता म्हणून आपण जे पाहिले तो दोन धावणाऱ्यांचा वेग क्षणभर जुळल्याचा भास होता.

निसर्ग दया शिकवत नाही आणि क्रौर्याला परवानाही देत नाही, येथवर आल्यावर एखादा म्हणेल की मग हा विषय नीतीच्या कक्षेबाहेरचा आहे. मला तसे वाटत नाही. कसे वागावे हे उंबर सांगत नसला तरी आपण कोण आहोत याविषयी तो काही सांगतो, आणि त्याचा परिणाम वागण्यावर झाल्यावाचून राहत नाही.

घरातल्या दुधाच्या पेल्याचा विचार करावा. सस्तन प्राण्यांची पिल्ले दूध सुटल्यावर दुधातली शर्करा पचवण्याची शक्ती बहुधा गमावतात. माणसांतही पुष्कळांचे तसेच होते. पण ज्या समाजांनी हजारो वर्षे गुरे पाळली त्यांच्यात मोठेपणीही ही शक्ती टिकवणारा आनुवंशिक बदल पसरला. युरोपात आढळणारा असा एक बदल भारतातही आहे. तो वायव्येकडे अधिक आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आढळतो, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. गाय माणसाने माणसाळवली, असे आपण शाळेत शिकलो. ते खरेच आहे. पण गाईनेही माणसाच्या देहात फेरफार केला, तो इतका खोलवर की बापाकडून लेकाकडे वारशाने जातो. 'मी' म्हणून ज्याचा मी उच्चार करतो त्यातला काही भाग मी कधी न पाहिलेल्या गुरांच्या कळपांनी घडवला आहे.

जीवांचे एकमेकांवर होणारे कार्य सांगण्यासाठी उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'त 'उपग्रह' हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ सहसा उपकार किंवा साहाय्य असा करतात. पण त्याच ग्रंथात पुद्गलाच्या, म्हणजे जड द्रव्याच्या, उपग्रहांची गणना करताना सुखाबरोबर दुःख आणि जीविताबरोबर मरणही मोजले आहे. हा शब्द मला फार नेमका वाटतो. दुसऱ्यामुळे आपल्यावर जे घडते ते सारे गोड असतेच असे नाही, तरी त्याच्यावाचून आपण आपण नसतो. आपल्याकडे ऋणाची कल्पना आहे. देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण मनुष्य जन्मतःच घेऊन येतो असे मानतात. ते ऋण कोणी प्रेमाने दिले म्हणून ऋण ठरत नाही. आपण त्यातून घडलो म्हणून ते ऋण ठरते. देणाऱ्याच्या हेतूवर कृतज्ञता अवलंबून ठेवली तर उंबराचे, गाईचे, मातीतल्या जंतूंचे आपण काहीच लागत नाही. आपल्या घडण्यावर ती अवलंबून ठेवली तर हिशेब फार मोठा होतो.

आणि हा हिशेब नुसता भूतकाळाचा नाही. माणूस आजही दुसऱ्या जातींना घडवतो आहे, फक्त पूर्वीपेक्षा फार वेगाने. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. बोंडअळीला मारणारे द्रव्य स्वतःच तयार करणारा बीटी कापूस भारतात २००२ साली आला. त्याबरोबर एक नियम होता. शेताच्या कडेने साध्या कापसाच्या पाच ओळी, किंवा लागवडीच्या वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्यात साधा कापूस लावावा. त्यासाठी बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची वेगळी पुडी येत असे. या ओळी अळीसाठी राखून ठेवायच्या होत्या. तेथे वाढलेले साधे पतंग विषाला दाद न देणाऱ्या थोड्या पतंगांशी जुळावेत, त्यांची संतती पुन्हा विषाला बळी पडणारीच निपजावी आणि अळीची प्रतिकारशक्ती वाढू नये, हा त्यामागचा विचार होता.

बहुतेक शेतांत त्या ओळी लागल्या नाहीत. त्याचा सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आणि डोक्यावर कर्ज असणाऱ्या माणसाला, पिकाचा एक वाटा तुझ्या शत्रूला खायला ठेव, असे सांगणे सोपे असते. त्याने तो ठेवला तरी शेजाऱ्याने न ठेवल्यास उपयोग थोडाच, आणि या ओळी का लावायच्या हे त्याला नीट समजावून सांगण्याची तसदीही फारशी कोणी घेतली नाही. शिवाय लांब मुदतीच्या संकरित वाणांनी हिवाळाभर अळीला अन्न पुरवले. गुजरातेत गुलाबी बोंडअळी या विषाला दाद देत नसल्याचे २०१० साली जाहीरपणे मान्य करण्यात आले. दोन जनुकांचे वाण आले, त्यांनाही तिने पचवले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातला कापूस तिने फार मोठ्या प्रमाणावर पोखरला. चीनच्या यांगत्से खोऱ्यात याउलट घडले. तेथे बीटी आणि साध्या वाणांच्या संकराचे दुसऱ्या पिढीचे बियाणे वापरात आले. शेतातच साधी झाडे मिसळली गेली आणि अळीची प्रतिकारशक्ती ओसरली, असे २०१७ च्याच एका अभ्यासात नोंदले आहे. त्या शेतकऱ्यांनी हे अळीवर उपकार म्हणून केले नव्हते. पण अळीचा वाटा शेतात राहिला, हे खरे.

मला या पाच ओळी आपल्या काळातले एक मोठे नैतिक सूत्र वाटतात. शत्रूवर प्रेम करावे असे त्या सांगत नाहीत. शत्रूला संपूर्ण नष्ट करण्याची आपली इच्छाच त्याला बळकट करते, कारण जो उरतो तो आपल्या शस्त्रातून पार पडलेला असतो, हे त्या सांगतात. प्रतिजैविक औषधांच्या अविचारी वापरातून औषधांना न जुमानणारे जंतू निपजले, तेही याच न्यायाने. उंबरमाशीला आपण उंबराला घडवतो आहोत हे ठाऊक नाही. सशाला ठाऊक नाही, विषाणूला नाही. आपल्याला ठाऊक आहे. या अफाट देवघेवीत माणसाचे जर काही वेगळेपण असेल तर ते बुद्धीच्या श्रेष्ठत्वात नसून या ठाऊक असण्यात आहे, आणि जबाबदारी तेथूनच सुरू होते. ज्याला कळत नाही त्याच्या हातून घडते. ज्याला कळते तो करतो.

मुण्डकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे. एक गोड फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. परंपरा पहिल्याला जीव आणि दुसऱ्याला परमात्मा मानते. त्या अर्थाला धक्का लावण्याचा माझा अधिकार नाही. तरी उंबराच्या पारावर वाढलेल्या माणसाला असे वाटल्यावाचून राहत नाही की, माणूस हा ही दोन्ही कामे एकाच चोचीने आणि एकाच डोळ्याने करायला जन्माला आलेला पक्षी आहे. न खाता त्याला जगता येत नाही आणि न पाहता खाण्याची सबब त्याला उरलेली नाही.

म्हणून त्या दिवशी कोणाचे बरोबर होते याचे उत्तर आज मी वेगळ्या रीतीने देईन. आजी बघून खात होती. काकू बघून खात नव्हत्या. दोघींनीही फळाच्या आत पाहिले होते, आणि आत कोणीतरी आहे हे मान्य केल्यावर आपापला मार्ग धरला होता. न पाहणारा असा त्या पारावर मी एकटाच होतो.

घाटावरचा तो उंबर अजून उभा आहे. एका झाडावरची फळे साधारणतः एकाच सुमारास वयात येतात, आणि त्यांतून निघालेल्या माद्यांना आसरा द्यायला त्या घटकेला त्याच झाडावर योग्य फळ नसते. त्यांना दुसरा उंबर लागतो. नामिबियातील अशाच एका झाडाचे कीटक वाऱ्यावर स्वार होऊन दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर गेल्याचे २००९ साली सिद्ध झाले आहे. आमच्या उंबराच्या प्रत्येक बीजामागे कोठले तरी दुसरे झाड आहे. ते ओढ्याकाठी असेल, शेताच्या बांधावर असेल, रस्ता रुंद करताना तोडायच्या झाडांच्या यादीतही असेल. त्याला पार नाही, पादुका नाहीत, त्याच्याभोवती कोणी प्रदक्षिणा घालीत नाही. गुरुवारी घाटावर गेलो की मला काकूंचे शब्द आठवतात. उडाले ते दिसले. राहिले ते कुठे दिसतात? एका झाडाला हात जोडणाऱ्याने त्या न दिसणाऱ्या झाडाचीही चौकशी केली पाहिजे, असे मला वाटते. निदान ते अजून उभे आहे की नाही, एवढी तरी.